प्रकृतीचा वारसा आणि शासनाची जबाबदारी

२०२० सालच्या पूर्वार्धात, करोनाच्या साथीने युरोप खंडाला नुकताच विळखा घातला असताना, नेदरलंड्समधील डॉक्टरांच्या निदर्शनास एक विलक्षण गोष्ट आली. परस्परांशी कसलाही नातेसंबंध नसलेल्या दोन कुटुंबांतील दोन-दोन सख्खे भाऊ, वयाने एकवीस ते बत्तीस वर्षांच्या दरम्यानचे, अंगापिंडाने धडधाकट आणि कोणत्याही जुनाट व्याधीची बाधा नसलेले, अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले आणि त्या चौघांपैकी एक दगावला. हा विषाणू वृद्धांचा, मधुमेह्यांचा आणि हृदयरोग्यांचाच वैरी आहे अशी त्या वेळी सर्वत्र समजूत होती. त्या समजुतीत हे चौघे कोठेच बसत नव्हते. त्यांच्या जनुकांचे समग्र वाचन झाले तेव्हा असे दिसून आले की, एक्स गुणसूत्रावरील टीएलआर-७ नावाचे जनुक चौघांतही निकामी होते. दोष प्रत्येक कुटुंबाचा निराळा होता, पण जनुक तेच होते. स्त्रीच्या ठायी एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एकीत दोष असला तरी दुसरी काम निभावून नेते. पुरुषाला मात्र आईकडून आलेल्या एकाच प्रतीवर आयुष्य काढावे लागते, आणि म्हणूनच ज्या मातांनी हा दोष नकळत पुढच्या पिढीच्या स्वाधीन केला त्या स्वतः निरोगी राहिल्या असताना त्यांच्या मुलांवर हा प्रसंग गुदरला.

एकाच घरात, एकाच आठवड्यात, एकाच तापाने चौघे अंथरुणाला खिळावेत, त्यांतील तिघांनी चार दिवसांत उठून कामाला लागावे आणि चौथ्याने मात्र प्राणास मुकावे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. त्याचे उत्तर आपण आजवर कधी दैवात शोधले, कधी ‘ज्याची त्याची प्रकृती’ एवढे म्हणून तो विषय आवरता घेतला. हा प्रकृतिभेद जन्मजात असू शकतो, तो रक्ताच्या नात्याने वाहत येतो आणि त्याचे अधिष्ठान शरीरातील विवक्षित जनुकांत दाखवून देता येते, ही गोष्ट आता अनुमानाच्या कोटीतून बाहेर पडून पुराव्याच्या कोटीत आली आहे. परंतु ज्ञान जितके नवे तितका त्याच्या दुरुपयोगाचा संभव मोठा, आणि संसर्गजन्य रोगांतील वंशपरंपरेच्या या ज्ञानाचे आपल्या देशात काय होणार, याची चिंता वाटावी अशी लक्षणे करोनाच्या काळातच दिसू लागली होती. जनुकांविषयीचे हे ज्ञान प्रत्येक आजारी माणसाच्या उपचारासाठी उपयोगात आणले जावे आणि कोणत्याही समूहाचे भवितव्य ठरविण्यासाठी ते वापरले जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मताच्या पुष्टीसाठीच हा लेखनप्रपंच आहे.

रोगजंतूंनी होणाऱ्या मृत्यूवर आनुवंशिकतेचा अंमल चालतो, हे दाखवून देणारा एक फार महत्त्वाचा दाखला डेन्मार्कमधील आहे. १९२० ते १९३० च्या दशकात जन्मलेल्या आणि बालपणीच दत्तक गेलेल्या मुलांची कागदपत्रे त्या देशाने काटेकोरपणे जतन करून ठेवली होती. त्या दप्तराच्या आधारे साडेनऊशेहून अधिक कुटुंबांचा अभ्यास करून १९८८ साली संशोधकांनी असे सिद्ध केले की, ज्या दत्तक मुलाचा जन्मदाता पिता किंवा जन्मदात्री माता वयाच्या पन्नाशीपूर्वी संसर्गजन्य रोगाने मरण पावली होती, त्या मुलाला स्वतः अशाच रोगाने अकाली मरण येण्याचा संभव इतरांच्या मानाने जवळजवळ सहापट होता. याउलट दत्तक घेणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या घरात, ज्यांच्या अन्नावर आणि ज्यांच्या सहवासात ते मूल वाढले त्या आईबापांच्या संसर्गजन्य मृत्यूचा तसा परिणाम दिसून आला नाही. एरवी कुटुंबाकुटुंबांतून आढळणारे रोगाचे साम्य एका घराच्या हवेमुळे की एका रक्तामुळे याचा उलगडा होणे दुरापास्त असते. दत्तकविधानाने ही दोन्ही कारणे जणू आपोआप वेगळी करून दिली. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत मात्र साक्षी इतक्या एकमुखी नाहीत. अमेरिकेतील यूटा राज्याच्या वंशावळींत इन्फ्लुएंझाने मेलेल्यांच्या रक्ताच्या नातलगांना अधिक धोका आढळला, तर आइसलंडमधील १९१८ च्या साथीच्या वंशावळींनी तसा बळकट कौल दिला नाही.

श्वसनमार्गात शिरलेल्या विषाणूचा पहिला मुकाबला शरीर कशाने करते, हे समजून घेतल्याखेरीज पुढील चर्चेत अर्थ उरत नाही. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जां लिंडेनमान या दोघा शास्त्रज्ञांनी इंटरफेरॉन या द्रव्याचा शोध लावला. विषाणूने बाधलेली पेशी ते द्रव्य सोडते आणि त्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूला दुर्भेद्य बनतात, असे त्यांना आढळले होते. पुढील अर्धशतकात या यंत्रणेचे एकेक अंग उलगडत गेले. पूर्वी आपल्या गावगाड्यात रात्री वेशीवर पहारा करणारा जागल्या परक्या माणसाची चाहूल लागताच पाटलाला वर्दी देत असे आणि पाटलाच्या हुकुमाने दवंडी पिटली जाऊन सारा गाव सावध होत असे, त्याच धर्तीवर टीएलआर-३, टीएलआर-७ ही प्रथिने विषाणूचे जनुकद्रव्य ओळखतात, आयआरएफ-७ सारखी प्रथिने ती वर्दी पेशीच्या केंद्रापर्यंत नेतात आणि इंटरफेरॉनची दवंडी फिरते. या साखळीतील एखादा दुवा जन्मतःच निखळलेला असेल, तर विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांत निर्वेधपणे वाढतो, आणि शरीराची उर्वरित प्रतिकारशक्ती जागी होते ती उशिरा आणि मग इतक्या आवेशाने की त्या झटापटीत फुप्फुसांचीच नासाडी होते.

२००९ साली साथ पसरविणाऱ्या स्वाइन फ्लूच्या विषाणूमुळे फ्रान्समधील एक अडीच वर्षांची मुलगी मरणाच्या दारी पोहोचली होती. तिच्याबरोबरच्या असंख्य मुलांना त्याच विषाणूने सर्दीतापापलीकडे काही झाले नव्हते. पॅरिस आणि न्यू यॉर्क येथे काम करणाऱ्या जां-लोरां काझानोव्हा यांच्या गटाने तिच्या जनुकांचा अभ्यास करून २०१५ साली असे प्रसिद्ध केले की, तिच्या आयआरएफ-७ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. आईकडून एक सदोष प्रत आली होती, बापाकडून दुसरी, आणि प्रत्येकी एकच सदोष प्रत असलेले ते उभयता स्वतः सुखरूप होते. त्या एका बालिकेच्या दुखण्यातून जो धडा मिळाला तो पाच वर्षांनी करोनाच्या काळात कामी आला. त्याच संशोधकांनी आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी २०२० साली अत्यवस्थ अशा ६५९ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील २३ जणांमध्ये, म्हणजे सुमारे साडेतीन टक्क्यांमध्ये, इंटरफेरॉनच्या साखळीतील जनुकांत जन्मजात दोष सापडले. त्या रुग्णांत सतराव्या वर्षीचा होता तसाच सत्त्याहत्तराव्या वर्षीचाही होता, हे विशेष. कारण जन्मजात दोष म्हणजे बालपणीच प्रकट होणारा दोष, ही समजूत त्यामुळे ढळली. दुसऱ्या एका तपासणीत ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये आढळली, आणि त्यांतील बहुतेक सर्व पुरुष होते. ही प्रतिद्रव्ये जनुकांच्या वारशाने थेट येत नाहीत, परंतु घाव त्याच साखळीवर पडतो, आणि मार्ग वेगळे असूनही परिणाम एकच होतो यावरून त्या साखळीचे महत्त्व निर्विवाद ठरते.

काही मानवसमूहांत असे दोष इतरांहून अधिक प्रमाणात आढळतात. पश्चिम पॉलिनेशियातील बेटांवर, सामोआसारख्या ठिकाणी, इंटरफेरॉनची दवंडी ऐकणारे आयएफएनएआर-१ हे प्रथिनच तयार होऊ न देणारा एक जनुकभेद लोकसंख्येत इतका पसरलेला आहे की, त्याच्या दोन्ही प्रती घेऊन जन्मणारी बालके तेथे अधूनमधून आढळतात, आणि अशा बालकांना विषाणूंचे साधे आजारच नव्हे तर गोवराच्या जिवंत लशीचाही गंभीर त्रास होऊ शकतो. समुद्राने वेढलेल्या, मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या लोकसंख्येत असे होणे स्वाभाविकच होय. हा मुद्दा मी मुद्दाम येथे नोंदवून ठेवतो, कारण आपल्या देशात समुद्र नसतानाही माणसांनी अशी बेटे निर्माण केली आहेत, आणि त्यांच्याकडे पुढे वळावे लागणार आहे.

आतापर्यंत सांगितले ते दुर्मिळ पण बलवत्तर दोष झाले. त्यांहून निराळा असा दुसरा प्रकार आहे, तो पुष्कळांच्या ठायी असणाऱ्या पण अल्पबल भेदांचा, आणि वर्तमानपत्री चर्चेत जो गोंधळ माजला तो या दुसऱ्या प्रकारावरून. २०२० च्या जून महिन्यात इटली आणि स्पेनमधील रुग्णांच्या तपासणीतून तिसऱ्या गुणसूत्रावरील एक पट्टा श्वसन बंद पडण्याइतक्या तीव्र करोनाशी निगडित असल्याचे जाहीर झाले. रक्तगट ठरविणाऱ्या जनुकाचाही त्याच यादीत समावेश होता आणि ‘ओ’ गटाच्या लोकांना किंचित संरक्षण असल्याचे दिसले. सप्टेंबर महिन्यात ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो या दोघा संशोधकांनी असे दाखविले की, तिसऱ्या गुणसूत्रावरील तो पट्टा आपल्या आधुनिक मानववंशाचा मूळचा नाही. क्रोएशियातील विंदिया गुहेत सापडलेल्या, सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या निअँडर्थल मानवाच्या जनुकांशी तो जुळतो, म्हणजे प्राचीन काळी झालेल्या संकरातून तो आपल्यात आला आणि टिकून राहिला. युरोपात शेकडा सुमारे १६ लोकांत, दक्षिण आशियात शेकडा सुमारे ५० लोकांत आणि बांगलादेशात ६३ टक्के लोकांत त्याची किमान एक प्रत आढळते; पूर्व आशियात आणि आफ्रिकेत तो जवळजवळ नाहीच.

हे आकडे प्रसिद्ध होताच ब्रिटनमधील बांगलादेशी वंशाच्या लोकांचे मृत्यू अधिक का, याचे उत्तर हाती लागल्यासारखे पुष्कळांना वाटले, आणि आपल्याकडेही ‘भारतीयांना निअँडर्थलांचा शाप’ अशा आशयाचे मथळे झळकले. या विधानाची रुजुवात करणे अगत्याचे आहे. त्या पट्ट्याने तीव्र आजाराचा धोका वाढतो तो सुमारे दीडपटीहून थोडा अधिक. मृत्यूचा धोका मात्र वयानुसार तरुणांपासून ऐंशीच्या पुढील वृद्धांपर्यंत शेकडो पटींनी वाढत जातो. शिवाय त्याच झेबर्ग आणि पाबो यांनी २०२१ च्या आरंभी बाराव्या गुणसूत्रावरील दुसरा एक निअँडर्थल वारसा दाखवून दिला, जो अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो आणि तोही आपल्याकडे मुबलक आहे. पूर्वजांनी एका हाताने दिलेले आणि दुसऱ्या हाताने दिलेले यांचा एकत्र हिशेब न मांडता केवळ एकाच रकमेवर बोट ठेवणे हा अप्रामाणिकपणा होय. पूर्व लंडनमधील बांगलादेशी कुटुंबांचे मृत्यू समजून घ्यावयाचे तर त्यांची तीन पिढ्यांनी एकत्र भरलेली लहान घरे, टॅक्सी चालविणे आणि उपाहारगृहांत राबणे यांसारखे माणसांच्या सतत संपर्कात आणणारे व्यवसाय आणि मधुमेहाचे प्रमाण यांना बाजूला सारून चालणार नाही. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील व वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये दक्षिण आशियातील समूहांचा अभ्यास करून असे मत नोंदविले की, युरोपीय रुग्णांत तीव्रतेशी जोडले गेलेले या पट्ट्यातील भेद आपल्या लोकांत तीच भूमिका बजावतात असे दिसत नाही. इन्फ्लुएंझाच्या बाबतीतही आयएफआयटीएम-३ या जनुकाविषयी २०१२ साली ब्रिटनमधून आणि पुढील वर्षी चीनमधून जे जोरकस निष्कर्ष आले, ते नंतरच्या युरोपीय तपासण्यांत सर्वत्र टिकले नाहीत. एका भूभागातील निकाल दुसऱ्या भूभागातील माणसांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

समूहाच्या रक्तात रोगाचे कारण शोधण्याचा मोह किती फसवा असतो, याचे याहूनही बोलके उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. १९१८ च्या जून महिन्यात युद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसऱ्या लाटेने साऱ्या देशात हाहाकार उडविला. सरकारी अंदाजाप्रमाणे मृतांची संख्या सव्वा कोटीच्या घरात गेली आणि पुढील अभ्यासकांनी ती त्याहूनही बरीच मोठी असल्याचे दाखविले. मुंबईच्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने त्या वेळी मृत्यूंची जमातवार नोंद केली होती. दर हजारी मृत्यू युरोपियनांमध्ये ८.३, पारशांमध्ये ९, भारतीय ख्रिश्चनांमध्ये १८.४, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२, आणि ज्यांना त्या दप्तराने ‘हलक्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदविले त्या आपल्या दलित बांधवांमध्ये ६१.६. या आकड्यांकडे नीट पाहावे. रक्ताच्या दृष्टीने परस्परांपासून फार दूर असलेले युरोपियन आणि पारशी येथे शेजारी-शेजारी बसले आहेत. आणि ज्यांचे मूळ गाव एक, भाषा एक, पूर्वजांची माती एक, अशा सवर्ण आणि दलित हिंदूंमध्ये तिपटीहून अधिक अंतर पडले आहे. रक्ताचे अंतर या मृत्यूंच्या क्रमाशी कोठेही जुळत नाही. जुळते ते उत्पन्नाचे, जागेचे आणि पोटभर अन्नाचे अंतर. एका खोलीत दहा-बारा माणसे कोंबणाऱ्या चाळी, गिरणीत आणि गोदीत एक दिवसाचा खाडा झाला की उपाशी राहण्याची वेळ, त्याच वर्षी पाऊस दगा देऊन कडाडलेले धान्याचे भाव, आणि आजारात डोक्याशी बसून पेज पाजावयास कोणी नाही, ही त्या ६१.६ या आकड्याची कैफियत आहे. त्या काळी जनुकशास्त्र आजच्याइतके पुढारलेले असते, तर कोणी तरी त्या समाजाच्या रक्तातच दुबळेपणा शोधला असता आणि राज्यकर्त्यांना आपल्या जबाबदारीतून मोकळे होण्यासाठी त्याचा आधार मिळाला असता, ही कल्पना अस्वस्थ करते.

आणि ही केवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्णांनी प्राण सोडले. त्या रुग्णांच्या तिसऱ्या गुणसूत्रावर काय लिहिले होते, या प्रश्नाला तेथे काडीचाही अर्थ नव्हता. साथीच्या काळात माणसे मरतात त्याची पहिली कारणे खाटा, प्राणवायू, परिचारिका आणि वेळेवर मिळालेली लस यांच्या अभावात असतात, आणि जनुकांची चर्चा त्या अभावावर पांघरूण घालण्यासाठी होऊ लागली तर ती चर्चा करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच पुढे होऊन तिला विरोध केला पाहिजे.

एवढे सांगितल्यावर मला दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे, कारण आपल्याकडील पुष्कळ सुविचारी माणसे वरील युक्तिवाद ऐकून, ‘मग हे जनुकांचे प्रकरण आपल्यासारख्या गरीब देशाला कशाला हवे’ असे म्हणून मोकळी होतात. हे म्हणणे मला अन्यायकारक वाटते. ज्या आईचा एकवीस वर्षांचा निरोगी मुलगा साध्या विषाणूने न्युमोनिया होऊन दगावला, तिच्या धाकट्या मुलाला तोच धोका आहे काय, हे जाणून घेण्याचा अधिकार तिला ती गरीब आहे म्हणून नाकारावयाचा, हा कोणता न्याय? कारण कळले तर त्या धाकट्याला इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी वेळेवर देता येते, पहिल्या तापातच विषाणुविरोधी औषध सुरू करता येते, आणि लग्नानंतर त्याच्या बहिणीला सल्लाही देता येतो. याहून व्यापक लाभाचेही उदाहरण आहे. एडिंबरोचे केनेथ बेली यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधील २०८ अतिदक्षता विभागांतून २,२४४ अत्यवस्थ रुग्णांचे नमुने जमवून २०२० च्या अखेरीस टीवायके-२ या जनुकाचा संबंध उघडकीस आला. त्या जनुकाच्या मार्गावर काम करणारे बॅरिसिटिनिब हे संधिवाताचे औषध बाजारात आधीपासून होते, जनुकांच्या या पुराव्याने त्याच्या चाचणीस बळ मिळाले, आणि २०२२ साली आठ हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांनी घटविल्याचे सिद्ध झाले. हे औषध घेणाऱ्याला स्वतःची जनुके तपासून घ्यावी लागत नाहीत. थोड्यांच्या जनुकांतून मिळालेल्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो. परंतु ते ज्ञान ज्यांच्या नमुन्यांतून निघाले त्यांत आपल्या रुग्णालयांतील रुग्ण अत्यल्प होते, आणि त्यामुळे आपल्या लोकांना विशेषत्वाने उपयोगी पडेल असे जे काही असेल ते अद्याप कोणी शोधलेलेच नाही.

ते शोधण्याची गरज इतरांपेक्षा आपल्याला अधिक आहे, आणि त्याचे कारण आपल्या रोटी-बेटी व्यवहारात आहे. इरावतीबाई कर्वे यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्या समवेत १९६८ साली महाराष्ट्रातील, सामाजिक दर्जाने समान मानल्या गेलेल्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जी जैविक तुलना प्रसिद्ध केली, ती या संदर्भात आजही वाचण्यासारखी आहे. बाहेरून एक दिसणारे हे गट बेटीव्यवहाराच्या कुंपणांमुळे शरीरलक्षणांतही एकमेकांपासून किती अलग राहिले होते, हे तिच्यातून दिसते. २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या जनुकीय अभ्यासात असे आढळले की, त्यांतील ८१ समूह फिनलंडमधील लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आहेत. आंध्रातील वैश्य समाजात भुलीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या एका स्नायुशिथिलक औषधाचा अंमल फार काळ टिकवून ठेवणारा जन्मजात दोष आढळतो, हे तेथील भूलतज्ज्ञांना ठाऊक असल्यामुळे ते आधीच सावध राहतात. सामोआच्या बेटांवर इंटरफेरॉनच्या बाबतीत जे घडले तसे काही आपल्या या मानवनिर्मित बेटांपैकी एखाद्यात घडले असेल, तर ते आपल्या अतिदक्षता विभागांतच उघडकीस येणार, अन्यत्र नव्हे. केंद्र सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण निरोगी माणसांच्या जनुकांची ती जंत्री आहे. तिच्या शेजारी तीव्र आजाराने पछाडलेल्यांची जंत्री ठेवल्यावाचून प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

महाराष्ट्राला या कामाची पूर्वपीठिका आहे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ज्याचे वर्णन केले तो अतिदुर्मिळ ‘बॉम्बे’ रक्तगट मुंबईतच सापडला. आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय रक्तपेशीशास्त्र व प्रतिरक्षाविषयक संस्था जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचे काम वर्षानुवर्षे करीत आली आहे. पन्नाशीच्या आतील, पूर्वी निरोगी असलेला रुग्ण श्वसनमार्गाच्या विषाणूमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावर गेला, तर त्याच्या रक्ताचा एक नमुना, त्याच्या किंवा नातलगांच्या लेखी संमतीने, अशा संस्थेकडे रवाना करण्याचा नियम राज्यातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांना घालून देणे आणि त्याचा खर्च शासनाने उचलणे, यात अशक्य असे काहीही नाही. अहवाल आला की तो कुटुंबाला समजेल अशा मराठीत समजावून सांगणाऱ्या समुपदेशकांच्या जागा मात्र त्याबरोबरच मंजूर झाल्या पाहिजेत; आजमितीस जिल्हा रुग्णालयात हे काम करणारा माणूस क्वचितच भेटतो.

आणि हे सारे करण्यापूर्वी कायदा हवा. जन्मजात जनुकभेद हे कारण दाखवून आरोग्य विम्याचे दावे फेटाळण्याचा प्रघात दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये संविधानाच्या समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविला. त्यापाठोपाठ विमा नियामक प्राधिकरणाने केवळ त्या कारणासाठी दावे न नाकारण्याची सूचना कंपन्यांना दिली आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. अमेरिकेने २००८ सालीच आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकांवरून भेद करण्यास कायद्याने बंदी घातली, जरी जीवन विम्याला तिने त्या कायद्यातून वगळले. आपल्या संसदेने मात्र असा स्वतंत्र कायदा अद्याप केलेला नाही. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलच्या तपासण्या झाल्या तेव्हा वाहक ठरलेल्या मुलींच्या सोयरिकी जुळविताना घरच्यांना कोणत्या विवंचनेतून जावे लागते, हे तेथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारावे. श्वसनरोगांच्या जनुकभेदांची तपासणी सुरू होण्यापूर्वी नोकरी, विमा, शाळाप्रवेश आणि विवाहनोंदणी या चारही ठिकाणी जनुकीय अहवाल मागण्यास मनाई करणारा, जीवन विम्यालाही न वगळणारा आणि तपासणीची माहिती रुग्णाच्या लेखी संमतीवाचून कोणाच्याही हाती देण्यास दंड ठरविणारा कायदा संसदेने केला पाहिजे, आणि तोपर्यंत राज्य विधिमंडळाने निदान आपल्या अधिकारातील रुग्णालयांना व शाळांना तो नियम लागू करावा.